ऊन, वीज आणि आपली बोली

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मसुदा. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



वर्धापन दिनाला धम्मावर प्रवचन होते, वर्षभराच्या कामाचा आढावा होतो, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. अशा दिवशी हवामान बदल आणि स्वच्छ वीज हा विषय कुठून आला, असे पुष्कळांना वाटले असेल. समितीचे निमंत्रण आले तेव्हा आम्हालाही संकोच वाटला. आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. आमचा गट म्हणजे एक निवृत्त लाईनमन, दोन शिक्षिका, एक आशाताई आणि कॉलेजात शिकणारी चार-पाच मुले-मुली. गेली काही वर्षे आम्ही उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत घरोघर जाऊन या विषयावर बोलत आलो. त्यात थोडेफार साधले आणि चुका पुष्कळ झाल्या. आज आम्ही त्या चुकांविषयीच जास्त बोलणार आहोत. कारण हा विषय लोकांना कसा सांगावा हे आम्ही त्या चुकांमधूनच शिकलो.

पहिल्या वर्षी आम्ही वर्गणी काढून दोन हजार पत्रके छापली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. वर बर्फाच्या तुकड्यावर उभे असलेले पांढरे अस्वल आणि खाली मोठ्या अक्षरांत मथळा, 'जागतिक तापमानवाढ : मानवजातीपुढील आव्हान'. आत हरितगृह वायू, कार्बन उत्सर्जन, अपारंपरिक ऊर्जास्रोत, १९९२ ची रिओ परिषद, १९९७ चा क्योटो करार, २०१५ चा पॅरिस करार, असे सगळे. त्यात एक वाक्य खोटे नव्हते. आम्हाला त्या पत्रकाचा फार अभिमान होता.

एका आजींच्या दारात आम्ही ते पत्रक वाचून दाखवू लागलो. एप्रिलचा महिना, दुपारची वेळ. आजींनी पदराने वारा घेत दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाल्या, "ते अस्वल मरून राहिलं त मी काय करू बाप्पा? माह्या घरात रातभर डोळा लागत नाही, त्याचं सांगा ना काही." आम्ही हसलो, पत्रक त्यांच्या हातात दिले आणि पुढच्या दारात गेलो. त्या आजींनी आम्हाला सगळे सांगून टाकले होते, पण ते समजायची अक्कल तेव्हा आम्हाला नव्हती.

त्याच वर्षी नवतपा लागायच्या सुमारास वस्तीतल्या एक ताई गेल्या. बांधकामावर विटा-रेती वाहून नेण्याचे काम करत. दुपारी तीनला डोके दुखते म्हणून घरी आल्या आणि टिनाच्या खोलीत पडून राहिल्या. संध्याकाळी असंबद्ध बोलू लागल्या. घरच्यांनी ऊन लागले म्हणून तळपायांना कांदा चोळला, पन्हे पाजायचा प्रयत्न केला. ऑटो करून दवाखान्यात नेईपर्यंत रात्र झाली होती. त्या परत आल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो. फळीवर तिखट-मिठाच्या डब्यांखाली आमचे पत्रक अंथरलेले होते, अस्वलाचे तोंड तेवढे बाहेर दिसत होते. त्यांची दहावीत शिकणारी मुलगी आमच्यातल्या एकाला म्हणाली, "काका, मी हे सगळं वाचलं होतं. आईले ऊन लागलं तर काय करायचं, ते यात कुठीच नव्हतं."

बंधू-भगिनींनो, ती रागाने बोलली नव्हती, अगदी सरळ बोलली होती. त्या दिवशी घरी येऊन उरलेली पत्रके आम्ही रद्दीत घातली आणि दुसऱ्या कोणी हे काम नीट केले आहे काय, ते शोधू लागलो.

शोध आम्हाला अहमदाबादला घेऊन गेला. तिथे मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. पुढे अभ्यासकांनी महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. यातल्या बहुतेकांच्या कागदावर उष्माघात असे लिहिलेले नव्हते. म्हाताऱ्या माणसाचे हृदय बंद पडते, मूत्रपिंड निकामी होते, आणि ऊन नामानिराळे राहते. मग अहमदाबाद महापालिका, गांधीनगरची भारतीय जनस्वास्थ्य संस्था आणि एन.आर.डी.सी. ही पर्यावरणाचे काम करणारी स्वयंसेवी संस्था यांनी मिळून २०१३ साली उष्णता कृती योजना तयार केली. दक्षिण आशियातली ती अशी पहिली योजना. पुढे नागपुरासह अनेक शहरांनी तोच मार्ग धरला.

त्या योजनेत काय होते? लोकांना कळेल असे तीन रंग होते. पिवळा म्हणजे जपा, नारिंगी म्हणजे जास्त जपा, आणि ४५ अंश वा त्यावर लाल, म्हणजे धोका. त्या दिवशी फलकावर, मोबाईलच्या संदेशावर, दवाखान्यात एकच गोष्ट सांगायची. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे मिळेल, लक्षणे कोणती, कुठे न्यायचे. डॉक्टर-नर्स यांनाही प्रशिक्षण दिले. २०१४ व २०१५ या वर्षांचा नंतर अभ्यास झाला, त्यात वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज निघाला. वेळेवर, साध्या शब्दांत, काय करायचे ते सांगितले, तर माणसे वाचतात. आमच्या पत्रकात नेमके तेच राहून गेले होते.

तथागतांची शिकवण छंदात बांधण्याची परवानगी दोन भिक्खूंनी मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली आणि लोकांनी धम्म आपापल्या बोलीत शिकावा असे सांगितले, ही विनयपिटकातली गोष्ट याच विहारात आम्ही लहानपणी ऐकली होती. पण पत्रक लिहायला बसलो तेव्हा ती आठवली नाही. 'अपारंपरिक ऊर्जास्रोत' लिहिले की आपण शिकलेले दिसतो, एवढेच डोक्यात होते.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही पद्धत बदलली. ती चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, बोलणे घरापासून सुरू करायचे. आता आम्ही दारात गेलो की आधी विचारतो, रात्री झोप लागते काय? वीज बिल किती आले? कूलरला पाणी कुठून भरता? मग घरची मंडळीच बोलू लागतात, आणि आम्ही ऐकतो.

दुसरी गोष्ट, सांगायची वेळ. पूर्वी आम्ही ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी कार्यक्रम घेत असू. तोवर आमच्याकडचा उन्हाळा माणसे घेऊन गेलेला असतो. आता फेब्रुवारीच्या शेवटी, वाळ्याच्या ताट्या बाजारात यायच्या आधी आम्ही निघतो.

तिसरी गोष्ट, सांगणारे माणूस. आमच्यातले कॉलेजचे विद्यार्थी भाषण फार छान करतात, पण लोक ऐकतात आशाताईंचे. बाळंतपणात रात्री दोन वाजता जी बाई सोबत आली होती, ती म्हणते दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, तर तिला मान आहे. विजेबद्दल लोक आमच्या लाईनमन काकांचे ऐकतात, कारण पावसात खांबावर चढलेले त्यांना सर्वांनी पाहिले आहे.

चौथी गोष्ट, सांगण्याचे साधन. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे गाव आहे. तिथे बंकर रॉय यांनी १९७२ साली बेअरफूट कॉलेज सुरू केले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना तिथे सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवतात. आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या आज्याही सहा महिन्यांत शिकून गेल्या आहेत. भाषा एक नाही, पुस्तक नाही, तर शिकवतात कसे? हाताच्या खुणांनी, आणि कोणता भाग कुठे जोडायचा ते रंगांनी. गावात काही सांगायचे असेल तर कठपुतळीचा खेळ करतात. पुरुषाला शिकवले की प्रमाणपत्र घेऊन तो शहराकडे निघतो, आजी मात्र गावातच राहते, असे रॉय सांगत आले आहेत. आपल्याकडे कठपुतळी नसली तरी कलापथक आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमाला रात्री बारा वाजता जी गर्दी बसते, ती कोणत्या व्याख्यानाला बसेल? आमच्या मुलांनी उन्हावर एक गाणे बसवले आणि गाण्यांच्या मध्ये पाच मिनिटे मागून घेतली.

त्या पाच मिनिटांत काय सांगतो, तेही येथे सांगून टाकतो, कारण त्यासाठीच आलो आहोत. उन्हातून आलेल्या माणसाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी असेल तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर ओले कापड फिरवा, वारा घाला, शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी किंवा ओआरएस द्या. पण तो असंबद्ध बोलत असेल, अंग भट्टीसारखे तापले असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी टाकत राहा. कांदा चोळण्यात जो अर्धा तास जातो, तो अर्धा तास परत मिळत नाही.

आता कोणी विचारेल, नागपूरचे ऊन काय आजचे आहे? आमच्या आजोबांच्या काळीही तापतच होते. खरे आहे, आणि हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नुसते आम्ही सांगतो म्हणून मानू नका. ऊन जुनेच आहे, त्यात भर पडली आहे, एवढेच आमचे म्हणणे. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू निघतो. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो. पातळ गोधडी हवीच, नाहीतर पृथ्वी गोठून जाईल. पण ती दरवर्षी जाड होत चालली आहे. १९५८ साली हवाई बेटावर तो नियमित मोजायला सुरुवात झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या पुढे गेला आहे. २०२४ हे तोवर मोजल्या गेलेल्या वर्षांत जगातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पुष्कळ जण याची ओझोनच्या भोकाशी गल्लत करतात. तो वेगळा विषय आहे.

हा कोळसा कुठे जळतो? फार लांब नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही नावे आपल्याला पाठ आहेत. आपल्यापैकी किती घरांची चूल तिथल्या पगारावर पेटली! देशातली जवळपास पाऊण वीज कोळशापासून होते, आणि आपण एक युनिट वापरतो तेव्हा सरासरी सुमारे ७०० ग्रॅम तो वायू हवेत जातो. म्हणून विजेला शिव्या द्यायच्या काय? मुळीच नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि पाणी व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी मांडले की वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही. गरिबाने पंखा बंद करून पृथ्वी वाचवावी, असे जो सांगतो त्याला आमचे उत्तर हेच आहे. वीज आपल्याला हवी, आपल्या मुलांना अभ्यासाला हवी. ती धुराशिवाय मिळावी आणि तिच्यात आपला वाटा असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आता दुसरी मोठी चूक सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना' सुरू झाली. गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्या घरांना दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. आम्हाला फार आनंद झाला आणि त्या भरात आम्ही दारोदार सांगत सुटलो, "बिल शून्य!" ऐकायला गोड वाटते, लक्षात राहते. एका भाऊंनी आमच्या शब्दावर कर्ज काढून पॅनेल बसवले. त्यांच्या पूर्वेला तीन मजली घर, त्यामुळे सकाळची सावली पॅनेलवर. पावसाळ्यात वीज कमी झाली, स्थिर आकार तर बिलात होताच, वर कर्जाचा हप्ता. ते बिल घेऊन आमच्याकडे आले, म्हणाले, "तुम्ही आपले म्हणून ऐकलं." त्या वाक्यापुढे आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चुकलो असे त्यांच्या घरी जाऊन सांगितले. लाईनमन काकांनी पॅनेलची जागा बदलून घ्यायला लावली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे बिल बरेच उतरले, पण वस्तीत आमच्या शब्दाला पडलेली खोट भरून यायला त्याहून जास्त दिवस लागले.

म्हणून आता आम्ही जसे आहे तसे सांगतो. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. चांगले ऊन असले तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात कमी. नेट मीटर म्हणजे दिवसा जास्त झालेली वीज महावितरणच्या तारेत जाते आणि आपल्या हिशेबात जमा होते. स्थिर आकार राहतोच. लाईन गेली की बॅटरी नसलेले साधे पॅनेलही बंद होते, हे तर कोणी सांगतच नाही. अनुदान साधारणतः पॅनेल बसल्यानंतर खात्यात येते, आधी पैसे उभे करावे लागतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम विचारून घ्या. हे सगळे ऐकूनही ज्याला परवडते आणि जागा आहे, त्याने अवश्य बसवावे. त्याचा फायदा खरा आहे.

पण ज्याच्या डोक्यावर टिना आहे, जो भाड्याने राहतो, ज्याच्याकडे जागेचा पट्टा नाही, त्याचे काय? ऊन सर्वांत जास्त त्याच्याच घरात, आणि योजना त्याच्या दारावरून पुढे जाते. हे सरकारदरबारी मांडत राहावे लागेल, एकट्याने नव्हे, संघटनेने. तोवर आपल्या हातातले सांगतो. जुना पंखा ७५ वॅट ओढतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सुमारे १६ युनिट वाचतात. साठ वॅटच्या जुन्या बल्बाचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. आणि छताला मार्चमध्ये पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावला, तर खोली दोन-चार अंश थंड राहू शकते. अहमदाबादेत महिला हाऊसिंग ट्रस्टने वस्तीतल्या बायकांना हाताशी धरून हे काम केले आहे. पावसाने चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा लावावा लागतो, तेही सांगून ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्या प्रथम त्या आजींच्या टिनावर आम्ही पोरांनी चुना मारला, अस्वलाच्या आजी म्हणतो आम्ही त्यांना. आठ दिवसांनी विचारले, आजी, फरक पडला काय? म्हणाल्या, "ऊन तेच हाय. पण आता रातच्याले डोळा लागते." इतकी वर्षे आम्ही जे छापले, त्या सगळ्यापेक्षा हे वाक्य वस्तीत जास्त फिरले, आणि ते आमचे नाहीच. त्यानंतर अकरा घरांनी स्वतः चुना आणला.

शेवटी समितीपुढे एक विनंती ठेवतो. ही सौर योजना घरांसाठी आहे, विहाराला तिचे अनुदान लागू होणार नाही, तेव्हा ती आशा आम्ही दाखवत नाही. पण विहाराचे हे सभागृह मोठे आहे, छत उंच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार ते उघडे राहावे. वरच्या स्लॅबला चुना मारायला आमची मुले येतील. दारात पाण्याचे माठ, दोन कूलर, भिंतीवर त्या दिवसाचा रंग, पिवळा, नारिंगी की लाल, आणि खाली १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत. टिनाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, बाळंतिणींना, उन्हातून आलेल्या मजुराला इथे येऊन टेकता यावे. कूलरचे बिल किती येईल त्याचा अंदाज काकांनी काढला आहे, दोन कूलरचे महिन्याला साधारण पन्नास युनिट. तेवढी वर्गणी आपण काढू शकतो.

त्या ताईंची मुलगी आज इथे बसली आहे. ती आता आमच्या गटात आहे, आणि आमचे कोणतेही पत्रक छापायला जाण्यापूर्वी तिच्या हातून जाते. ती एकच प्रश्न विचारते, यात करायचं काय ते लिहिलं आहे काय? नसेल तर कागद परत येतो.



जय भीम! नमो बुद्धाय!